पूर्वेची भिंत

४ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
विहाराच्या सभागृहाला नव्या खिडक्या करायचं ठरलंय. तू बांधलेली पूर्वेची भिंत पुढच्या आठवड्यात उतरवणार. ऐकल्यापासून आईने घर डोक्यावर घेतलंय. त्या भिंतीत तिच्या हातची वीट आहे. खालून सातवा थर, दाराकडून चौथी. बावीस वर्षं ती त्याच विटेला पाठ लावून ध्यानाला बसते. ती जपून काढून घरी आणायची, असा हुकूम आहे. भन्तेजी म्हणाले, गवंड्याला विचारा. गवंडीबुवा, लवकर लिहा.
वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ठमी

९ मार्च
चि. ठमीस,
अ. उ. आ.
हे आईला वाचून दाखवू नकोस. तिची वीट तिथे नाही.
भिंत बांधताना एका रविवारी भन्तेजींनी प्रत्येकाला एक वीट लावायला सांगितलं. शिंपी, नर्स, पोस्टमन, झाडून सगळे आले. संध्याकाळी भिंतीला पोट आलं होतं, मधेच बाहेर फुगली होती. वर छप्पर चढायचं होतं. सोमवारी सगळे कामावर गेल्यावर मी ते थर उतरवले आणि पुन्हा रचले. विटा त्याच, पण कुणाची कुठे गेली, मलाही ठाऊक नाही. नंतर लोक येऊन भिंतीवरून हात फिरवत. मी खाली मान घालून माल कालवत असे. आईला तिची वीट मीच बोट ठेवून दाखवली. धडधडीत खोटं. आता काय सांगायचं ते तू ठरव. मला धीर नाही.
या गवंड्यावर आहे तेवढा जीव असू दे.
दादा

१५ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
वाचून दाखवलं. रागावू नकोस. आईला हसता हसता ठसका लागला. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या विटेचा कोपरा उडाला होता. तू दाखवलीस ती अखंड. शिवाय तुझे कान लाल झाले होते म्हणे. मग वीट मागितलीस कशाला, विचारलं. म्हणाली, भिंत तशीच गेली असती तर तो कधीच बोलला नसता, जन्मभर ओझं वाहिलं असतं.
नव्या भिंतीत तिला पुन्हा एक वीट लावायची आहे. भन्तेजी हो म्हणाले. तू हात लावायचा नाहीस, ही अट.
ठमी

१९ मार्च
चि. ठमीस,
अ. उ. आ.
शनिवारी येतो. विटा भिजत घालून ठेव. आईला सांग, तिची वीट वाकडी बसली तर वाकडीच राहील. बाकीची भिंत मी तिच्याशी जुळवून घेईन.
दादा