कोपराखालचा चट्टा

दिग्रस, शनिवार, दिवेलागण

आठवडाभर मिशनच्या कुष्ठरोग तपासणीसाठी तांड्यांवर फिरून राह्यली. कोणाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला की तो बधिर तं नाही हे पाहाले माह्यं ठरलेलं, "डोळे मिटा, पेन टेकवला की सांगा. भेऊ नका, गोळ्यांनं बरा होते."

आज हात धुताना माह्याच कोपराखाली तसा चट्टा दिसला. कवाचा असन? स्वतःच पेन टेकवून पाह्यला, पण पेन धरणारा हातच चुगली करते, टेकला म्हणून. आणि ते "भेऊ नका" मी किती सहज म्हणत होती!

शेवटी सासूबाईंच्या हाती पेन दिला अन् डोळे मिटले. लय वेळ थांबली. मग म्हटलं, "आई, टेकवा ना आता."

"कवाचाच टेकवला, पोरी."