माड क्र. ४१ वरील कर्मचाऱ्यास खाली उतरवून घेतल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सागरी फळबाग विभाग,
जिल्हा रायगड.

विषय : पाडेली पदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडून काढून श्री. धर्माजी म्हात्रे यांना पुन्हा सेवेत घेणेबाबत.

संदर्भ : १) पदे कमी करण्याबाबतचा आपला आदेश, दि. २९ सप्टेंबर २०२५.
२) माझा खुलासा मागविणारे आपले पत्र, दि. ८ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

संदर्भ क्र. २ अन्वये मागविलेला खुलासा व त्यासोबत एक विनंती सादर करीत आहे.

१. कोळंबखार येथील शासकीय नारळ बागेत मी एकवीस वर्षे कनिष्ठ लिपिक आहे. बागेत ११४ माड आहेत. पूर्वी येथे पर्यवेक्षक, दोन माळी व पहारेकरी अशी पदे होती. अर्थसंकल्पातील तूट वाढत गेली तशी ती एकेक करून व्यपगत झाली. गेल्या महिन्यात आम्ही दोघेच उरलो होतो. मी, आणि माडावर चढून नारळ उतरवणारे पाडेली श्री. धर्माजी पोशा म्हात्रे.

२. दि. २९ सप्टेंबर रोजी सकाळी नऊ वाजता धर्माजी माड क्र. ४१ वर चढले. हा माड बागेतील सर्वांत उंच असून सुमारे पंचावन्न फूट आहे. ११ वाजून १० मिनिटांनी आपला आदेश प्राप्त झाला. त्यात तुटीस्तव पाडेली हे पद रद्द करून धर्माजींची सेवा 'आज मध्यान्हपूर्व' समाप्त केली होती व आदेश तत्काळ वाचून दाखवावा असे लिहिले होते. त्याप्रमाणे मी माडाखाली उभी राहून तो मोठ्याने वाचला. समुद्राचा वारा असल्याने दोनदा वाचावा लागला.

३. धर्माजींनी वरून विचारले, "म्हंजे आता मी कोन?" मी सांगितले की तुम्ही आता खाजगी व्यक्ती आहात, कृपया खाली यावे. त्यावर ते म्हणाले, "चढलो तवा सरकारचा व्हतो. उतरंन तो बी सरकारचाच. मधीच पडलो तं तुमी म्हनाल, हा आमचा न्हाय."

४. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते, हे येथे नमूद करणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी धर्माजींच्या आधीचे पाडेली येसाजी निवृत्त झाले. नवा माणूस नसल्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना तोंडी बोलावले गेले आणि ते माड क्र. १७ वरून पडून वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाईंना कार्यालयाने कळविले की, 'सदर व्यक्ती घटनेच्या दिवशी या कार्यालयाची कर्मचारी नव्हती.' ते पत्र मीच टंकलिखित केले होते. बायजाबाईंना वाचता येत नाही. त्या ते पत्र घेऊन अजूनही येतात, आणि मी ते त्यांना पुन्हा वाचून दाखवते.

५. म्हणून मी आपल्या कार्यालयाच्या आस्थापना कक्षास दूरध्वनी केला. तेथील श्री. अल्पेश यांनी धर्माजींनी आधी उतरावे व मग मुदतवाढीचा अर्ज करावा असे सुचविले. मी म्हटले, मुदतवाढ फक्त उतरण्यापुरती, वीस मिनिटांची हवी आहे. वीस मिनिटांसाठी पद निर्माण करावे लागेल आणि नवीन पदांवर बंदी आहे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दूरध्वनीत ते म्हणाले, "मॅडम, पद नाही म्हणजे कर्मचारी नाही. आमच्या रेकॉर्डप्रमाणे त्या झाडावर कोणीच नाहीये." त्या वेळी धर्माजी खोकत होते व तो खोकला मी दूरध्वनीवरून ऐकविला. तिसऱ्या वेळी, खाजगी व्यक्ती शासकीय माडावर आढळल्यास पोलिसांना कळवावे, असे सांगण्यात आले. मी कळविले.

६. हवालदार साडेबारा वाजता आले. अतिक्रमण जमिनीवरचे असते, वरच्या दिशेने कसे लिहायचे, असा त्यांना प्रश्न पडला. ऊन फार असल्याने त्यांनी वर पाहून एक शहाळे मागितले. धर्माजी म्हणाले, "मी आता सरकारचा न्हाय. सरकारचा माल कसा देऊ?" हवालदार पंचनामा न करता परत गेले. महोदय, याच कारणाने धर्माजींनी स्वतःही एकही शहाळे फोडले नाही. आदेश ऐकल्यापासून ते पन्नासेक शहाळ्यांमध्ये तहानलेले बसून होते. कोयता कमरेला होता. मी खालून परवानगी दिली तर म्हणाले, "तोंडी नको, बाई. तोंडीनं येसाजी गेला."

७. दीड वाजता त्यांच्या पत्नी जनीबाई भाकरी व पाणी घेऊन आल्या. नारळाचे घड खाली सोडण्याच्या दोराने ते वर पाठविले. दोर शासकीय आहे, त्याचा हा वापर मी नोंदविला आहे. जनीबाईंनी मला विचारले, "त्याला उतर म्हनू का नको म्हनू? तुमी शिकलेल्या हाव, तुमी सांगा." त्या माडाच्या बुंध्याला हात लावून बसल्या. मी कार्यालयात आले, सेवा नियमांचे पुस्तक उघडले आणि, खोटे कशाला लिहू, थोडी रडले.

८. पुस्तकात मला असे आढळले की, कार्यभार सोपविल्याशिवाय कोणताही कर्मचारी कार्यमुक्त होत नाही. धर्माजींकडे एक कोयता, एक दोर व ११४ माड हा कार्यभार होता आणि तो कोणीच घेतलेला नव्हता. सबब, आदेश काहीही म्हणो, ते अजून सेवेत होते. मी तसे ज्ञापन तयार करून, शिक्का मारून, माडाखाली वाचले : 'श्री. म्हात्रे यांनी जमिनीवर पोहोचून कोयता टेबलावर ठेवेपर्यंत ते शासकीय कर्मचारी आहेत.' धर्माजींनी ते दोराने वर मागवून घेतले, घडी करून बंडीत ठेवले व उतरू लागले.

९. सात तास माडावर राहून त्यांचे पाय बधिर झाले होते. निम्म्यावर त्यांचा डावा पाय खाचेतून निसटला व ते केवळ हातांवर लोंबकळले. जनीबाई उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले, ही साक्षीदार म्हणून माझी चूक आहे. डोळे उघडले तेव्हा त्यांचा पाय पुन्हा खाचेत होता. ४ वाजून ३५ मिनिटांनी ते जमिनीवर आले, लंगडत कार्यालयात गेले, कोयता माझ्या टेबलावर ठेवला. मग विहिरीचे दोन तांबे पाणी प्याले आणि जनीबाईंच्या खांद्यावर हात टाकून घरी गेले.

१०. आता आपल्या पत्राबाबत. 'अस्तित्वात नसलेल्या पदाचा कार्यभार कोणी स्वीकारला?' याचे उत्तर असे की, मी स्वीकारला. दुसरे कोणी नव्हते. त्याच पत्राच्या शेवटी आपण कळविले आहे की, ज्याअर्थी मी कार्यभार स्वीकारला आहे त्याअर्थी पाडेलीचे काम मीच करावे व उतरविलेल्या नारळांचा अहवाल दरमहा पाठवावा. माझे वय चोपन्न असून उजवा गुडघा दुखरा आहे. तयार नारळ आपोआप पडू लागले आहेत. शाळेची मुले बागेतून ये-जा करतात, त्यांना मी सध्या छत्री उघडून रस्त्यापर्यंत सोडते. छत्रीचा उपयोग होणार नाही हे मला ठाऊक आहे.

११. तरी धर्माजींना तातडीने सेवेत घ्यावे, ही विनंती. ते शक्य नसल्यास आपल्या पत्राचे पालन होईल. मी त्यांना विचारले असता ते शिकविण्यास तयार झाले आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चढणे पंधरा दिवसांत येते, न घाबरणे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असते. सोमवार, दि. १३ पासून दररोज सकाळी ९ ते ११ या वेळेत कार्यालयाचा दूरध्वनी उचलला जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. त्या वेळी कार्यालयातील सर्व कर्मचारी माडावर असतील.

आपली नम्र, दोन्ही कार्यभारांसह,

(सही)
श्रीमती आश्लेषा यशोधन वर्तक
कनिष्ठ लिपिक तथा प्रभारी पाडेली
कोळंबखार, दि. १० ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) कार्यभार हस्तांतरणाची पावती (कोयता एक, दोर एक, माड ११४).
२) ज्ञापनाची कार्यालयीन प्रत. मूळ प्रत धर्माजी परत देत नाहीत.