घटनेचं मूळ कारण

३ मार्च, सोमवार

नऊ मशीन, नऊ पासवर्ड — आणि नऊच्या नऊ मशीनच्या दारांवर खडूने लिहिलेले! सकाळी ओलं फडकं घेऊन सगळे पुसून काढले. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहते तर जागच्या जागी परत. या वेळी ऑइल पेंटने.

मास्तर म्हणाले, "खडू पुसला जातो म्हणूनच चिडला होतात ना बाई?"

मास्तर म्हणजे आमचे सेटर. कुठलाही नवा भाग मशीनवर पहिल्यांदा तेच उतरवतात. एकतीस वर्षं झाली. गळ्यात दोरी, दोरीला पेनड्राइव्ह. या मशीनचा प्रोग्रॅम त्या मशीनला त्यातूनच जातो. सर्व्हरवरून घ्या, असं शंभरदा सांगून झालं. "तुमचा सर्व्हर मधेच झोपतो. हा माझ्या गळ्यात असतो." हे त्यांचं उत्तर.

सत्तर माणसं, पंपांच्या सुट्या भागांचा कारखाना, आणि सगळे कॉम्प्युटर सांभाळायला मी एकटी. माझ्या पाठीमागे मला 'पासवर्डबाई' म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणतात.

५ मार्च, बुधवार

मालकांकडे गेले होते. म्हटलं, बाहेरचा एखादा जाणकार बोलवून एकदा सगळी तपासणी करून घेऊ.

"चोर इथे येऊन काय नेणार? लोखंडाचा कीस?"

"चोराला काही न्यायचंच नसतं. त्याला आपल्याला अडवायचं असतं."

"गेल्या वर्षी काही झालं?"

"नाही."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

मी उठलेच. घरी ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "अजून पडलो नाही म्हणून जिन्याचा कठडा विकणारा माणूस आहे तो."

६ मार्च, गुरुवार

ऑइल पेंट कशाने निघतो?

११ मार्च, मंगळवार

सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. प्रत्येक पडद्यावर तोच काळा चौकोन. 'तुमच्या फाइल्स आम्ही कुलूपबंद केल्या आहेत.' खाली खंडणीचा आकडा आणि मुदत.

धावत जाऊन सर्व्हरची वायर उपटली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ड्रॉइंगं, ऑर्डरी, मशीनचे प्रोग्रॅम — एकही फाइल उघडेना. नऊही मशीन बंद. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी बुटाची करकर तेवढी येत होती.

मालक: "तुम्ही काय करत होतात इतके दिवस?"

ऑइल पेंट खरवडत होते, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

एक बरं. सर्व्हरवरच्या सगळ्या फाइल्सची रविवारची नक्कल वेगळ्या डिस्कवर होती, वायरीपासून लांब, माझ्या कपाटात. खंडणी द्यावी लागणार नाही. हे मालकांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या डोक्यात शिरलं.

१२ मार्च, बुधवार

मीटिंग. मालकांनी विचारलं, "आलं कुठून?"

मी म्हटलं, "पेनड्राइव्हमधूनच. दुसरं काय असणार?"

सगळ्यांच्या नजरा मास्तरांच्या गळ्याकडे. त्यांनी दोरी डोक्यावरून काढली आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मालकांनी तो खणात टाकला. "तपास होईपर्यंत तुम्ही घरी बसा."

कसं वाटलं, खरं लिहू? बरं वाटलं. दोन वर्षं भिंतीशी बोलत होते मी!

१३ मार्च, गुरुवार

आमच्याकडचं निम्म्याहून जास्त काम एकाच मोठ्या ग्राहकाचं. त्यांचं पत्र आलं. आठवड्याच्या आत लेखी अहवाल द्या — घटनेचं मूळ कारण काय, त्यावर कोणती कारवाई केली. नाहीतर काम दुसरीकडे जाईल. खाली सही 'संगणक व्यवस्थेच्या जबाबदार व्यक्तीची'.

म्हणजे माझी.

१४ मार्च, शुक्रवार

अकराला मशीन सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन वाजता तपासणीवाला त्रेचाळीस नगांचा ट्रे घेऊन आला आणि माझ्या टेबलावर आपटला. सगळे भंगार! भोकं जागेवर नाहीत, मापं कमीजास्त.

माझी नक्कल चोख होती. सर्व्हरवर जे होतं, ते सगळं परत आलं होतं. पण सर्व्हरवरचे प्रोग्रॅम म्हणजे कागदावरची स्वयंपाकाची कृती. मास्तर मशीनसमोर उभे राहून केसभर इकडे, केसभर तिकडे करत ते बसवतात. बसवलेला प्रोग्रॅम सर्व्हरला परत पाठवायला मी एक बटण करून ठेवलं होतं. ते कधी कुणी दाबलंच नाही.

एका ऑपरेटरला विचारलं, का रे दाबत नव्हतात?

"ते दर महिन्याला नवा पासवर्ड मागायचं ना, पासवर्डबाई."

नियम माझाच.

१५ मार्च, शनिवार

मालकांच्या खणातून पेनड्राइव्ह मागून घेतला. कशालाच न जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तपासला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आत काहीही नाही. आरशासारखा स्वच्छ!

चारशे बारा प्रोग्रॅम, सगळे बसवलेले. ज्या भागाने सगळ्यांना रडवलं त्याच्या फाइलचं नाव 'सासू'. मग 'सासू नवी'. मग 'सासू शेवटची'. मग 'सासू खरंच शेवटची'. एकटीच हसले. ती फाइल मशीनवर चढवली. पहिलाच नग मापात.

हसू मागाहून विरलं. पेनड्राइव्ह स्वच्छ, तर मग आलं कुठून?

१७ मार्च, सोमवार

सापडलं.

कोण, कधी, कुठून आत आलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. वाचायला अख्खा दिवस गेला. १ मार्च, दुपारी चार वीस. बाहेरून प्रवेश. खात्याचं नाव — 'तात्पुरतं'.

ते खातं माझं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. रजा मिळाली, पण फोन थांबेनात. दवाखान्याच्या बाकावरून काम करता यावं म्हणून मी बाहेरून आत यायची एक वाट उघडली. फोनवर कोड आल्याशिवाय ती उघडत नव्हती, आणि दवाखान्याच्या तळघरातल्या त्या बाकावर वायफाय तेवढं होतं, फोनला रेंज नव्हती. म्हणून कोडची अट काढून टाकली. चार दिवसांपुरती. पासवर्ड? आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

आई पाचव्या दिवशी घरी आली. आता दोन जिने चढते. वाट उघडीच राहिली.

आज बंद केली. ऑइल पेंटने लिहिलेले पासवर्ड वाचायला निदान शेडमध्ये यावं लागतं.

१८ मार्च, मंगळवार

मालकांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग राहू द्या. अहवालात पेनड्राइव्ह लिहा."

"पेनड्राइव्ह स्वच्छ आहे. त्याच्यामुळेच मशीन चालू आहेत."

"अहो, ग्राहकाला काय पटेल ते बघा. म्हातारा कामगार, जुनी सवय, त्याला काढलं — विषय संपला. कॉम्प्युटर सांभाळणारीनेच दार सताड उघडं टाकलं असं कळलं, तर आपल्याकडे कोण काम ठेवेल? सत्तर घरं आहेत, बाई. मास्तरांची दोनच वर्षं उरलीत."

"त्यांनी काही केलेलं नाही."

"पेनड्राइव्ह वापरू नका, असं तुम्हीच सांगत होतात ना? ऐकलं का त्यांनी?"

मी 'हो' म्हटलं नाही. पण 'नाही' पण म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवते, उद्या मलाच वेगळं आठवायला नको.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सही तुझी आहे. मी काय सांगू?" चिडले त्यांच्यावर. उगाचच.

१९ मार्च, बुधवार

मास्तर आले होते, आपली मोजमापाची हत्यारं न्यायला. लाकडी पेटी, आत हिरवं कापड. प्रत्येक वस्तू पुसून ठेवत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"घरी बायको विचारते, नेमकं काय केलंत तुम्ही? मला सांगताच येत नाही. पेनड्राइव्हमधून काय गेलं, कसं गेलं... तुम्ही एकदा सोपं करून सांगा. म्हणजे तिला सांगेन. तिला वाटतं मी लपवतोय."

मी म्हटलं, "तपास चालू आहे."

तपास चालू आहे!

"बरं," म्हणाले. पेटी उचलली. दारापर्यंत जाऊन वळले. "तीन नंबरवर सासूला जरा हळू चालवायला सांगा. घाई केली की टूल मोडते."

अहवालाची मुदत उद्या दुपारपर्यंत. 'मूळ कारण' हा रकाना कोरा आहे. तीनदा भरला, तीनदा खोडला.

२० मार्च, गुरुवार

अहवाल नऊ चाळीसला ग्राहकाकडे गेला. मूळ कारण — खातं माझं, पासवर्ड माझा, बंद करायला विसरले ती मीच. मग मास्तरांच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला. मास्तरांना बोलावू नका म्हटलं, तिलाच सगळं समजावून सांगितलं. सोपं करून. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे ह्यांनी काहीच केलं नव्हतं?" दोन्ही वेळा सांगितलं.

मालकांना अजून माहीत नाही. आता त्यांच्याकडे जाते.