घागरीवर वाळणारा घुमट

आई,

तुझ्या तांब्याच्या घागरीवर मी आता परग्रहावरची घरं काढते. एवढं वाचूनच तू कपाळाला हात लावशील, म्हणून आधी नीट सांगते. तू गेलीस तेव्हा तुझी नात ताटलीतला वरणभात भिंतीला फासायची. ती आता पुण्याला इंजिनीअरिंग शिकते आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर एक खेळ खेळते. बुद्धिबळ समज, पण पट म्हणजे अख्खं टेबल, आणि प्यादी म्हणजे बोटाच्या पेराएवढी रंगवलेली माणसं, अंगात चिलखत, हातात बंदुका. गोष्ट अशी की कुठल्याशा लांबच्या ग्रहावर माणसांनी वस्ती केली, ती उजाड झाली, आणि आता त्या उजाड वस्तीसाठी दोन फौजा लढतात. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, भिंतीच्या आडोशाला आपला माणूस लपवायचा. आता लपायचं म्हटलं की भिंत हवी, डोंगर हवा, पडकं घर हवं. ते करून द्यायचं काम माझं. त्याचे पैसे मिळतात. हो, मिळतात, अशी बघू नकोस.

सुरुवात तुझ्या नातीनंच केली. एका सुट्टीत थर्माकोल घेऊन आली आणि स्वयंपाकघरात फतकल मारून डोंगर कापायला बसली. मला बघवेना. "अगं, हे डोंगर आहेत की ढोकळा?" म्हटलं. मग माळ्यावरून तुझी घागर काढली, रद्दी फाडून बादलीत टाकली आणि मेथ्या भिजत घातल्या. पोरगी तोंडाकडेच बघत राहिली. "मम्मी, तुला हे येतं?" येतं की नाही, ते मलाच माहीत नव्हतं. पण मेथी वाटायला घेतली आणि तो कडू वास घरभर झाला, तेव्हा माझ्या हातांनी मला न विचारताच काम सुरू केलं.

बाबा शाळेत शिपाई, त्यामुळे आपल्याकडे कागदाला तोटा नव्हता. शाळेनं टाकून दिलेल्या उत्तरपत्रिका न्हाणीतल्या टाकीत भिजत पडायच्या आणि पाणी निळं व्हायचं. कुणाचा इतिहास, कुणाचं गणित, नापास झालेला आणि पहिला आलेला, दोघांचा लगदा सारखाच. तू उखळापाशी बसली आहेस, पदर खोचलेला, कपाळावरचे केस मनगटानं मागे सारते आहेस. लगद्यात वाटलेली मेथी घालतेस, ओंजळभर चिकणमाती घालतेस, परत कुटतेस. घागर उपडी केलेली, लगदा चिकटू नये म्हणून तिला राख चोळलेली. मग तुझा ओला तळवा त्या घागरीवरून फिरायला लागतो, वरून खाली, वरून खाली, आणि बघता बघता घागरीला कागदाची कातडी येते. वाळली की ती अलगद निघायची, उलटी केली की टोपली. आपल्या घरात डाळ त्यात, कांदे त्यात, हळकुंडं त्यात. शेजारणी मागून न्यायच्या. एखादी म्हणायची, "बाई, तुमच्या हाताला काय गुण हाय," आणि तू नुसती हसायचीस.

मला तो गुण हवा होता. एकदा तू बाजारला गेलेली असताना मी सगळं एकटीनं केलं. तू यायच्या आत टोपली वाळावी म्हणून घागर उचलून उन्हात ठेवली. तू आलीस तेव्हा टोपली वरपासून खालपर्यंत उकललेली होती. तू पिशव्या खाली ठेवल्यास, वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "उन्हात ठेवली व्हय? तुह्या हाताला दमच न्हाई बाई." एवढंच. मारलं असतंस तर विसरले असते. त्या दिवसापासून मी मनाशी पक्कं धरलं की आईच्या हातचं तडकत नाही आणि माझ्या हातचं तडकतं. पुढे भाकरीला चीर गेली तरी मला तेच आठवायचं. ब्लाउज उसवला तरी तेच.

आता माझं काम कसं चालतं ते सांगते, तुला मजा वाटेल. लहान घुमट वाटीवर निघतात, मध्यम तांब्यावर. वाळले की ब्लेडनं दारं-खिडक्या कापते. तुझा जावई मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून मोडके सुटे भाग आणतो, ते भिंतींना चिकटवले की झाली यंत्रं. टूथपेस्टचं टोपण म्हणजे धुराडं, सलाईनची नळी म्हणजे पाईप. मग सगळ्याला काळा रंग, त्यावर करडा, आणि शेवटी ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवरून नुसता फिरवायचा. कडा उजळतात आणि घर शंभर वर्षांचं दिसायला लागतं. पहिल्या टेबलाच्या वेळी ग्रहाची माती पिवळी हवी होती. हळदीच्या हिंगोलीत राहून पिवळा रंग विकत आणायचा? मी हळद वापरली. गिऱ्हाईक बंगळुरूचं, तुझ्या नातीनं इंटरनेटवर टाकलेले फोटो बघून आलेलं. त्याच्या हातून त्यावर चहा सांडला, त्यानं साबणाच्या पाण्यानं पुसलं आणि सगळी जमीन लाल झाली. मला इथं घाम फुटला. तो मात्र खूश. फोनवर म्हणाला, "मॅडम, लढाईनंतर जमीन लाल होते, ही आयडिया भारी आहे." मी म्हटलं, थँक्यू. तेव्हापासून हळद फक्त वरणात.

मग ह्या वर्षी पुण्याच्या एका खेळणाऱ्या मंडळानं अख्खं टेबल मागितलं. त्यांच्या स्पर्धेसाठी. सगळी वस्ती पडकी, पण मधोमध एक मोठा घुमट शाबूत. त्यात अजून माणसं जिवंत आहेत, त्यांच्यासाठीच सगळी लढाई, म्हणून त्याला एकही भेग दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं. पडकं करण्यात मी आता तरबेज आहे. चूक झाली की ती खपून जाते, उलट वाहवा होते. शाबूत करायचं म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. एवढा मोठा घुमट फक्त तुझ्या घागरीवरच निघणार होता, आणि घागरीवर मी काहीही केलं तरी तो तडकायचा. सावलीत वाळवला, तडकला. ओल्या फडक्याखाली वाळवला, तडकला. माती वाढवली, कमी केली, फेविकॉल घातला. रोज सकाळी न्हाणीच्या दारात जाऊन बघायचं आणि तीच आडवी-तिडवी चीर. एका सकाळी मी त्या घागरीपुढं बसून तुझ्यावर चिडले. काय घालत होतीस गं त्यात? एवढं सांगून जायला काय झालं होतं? तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी रोज डबा घेऊन यायचे, दुखतंय का विचारायचे, तू म्हणायचीस बरं हाय. टोपलीचं विचारायचं तेव्हा कुणाला सुचतं? मंडळाला फोन करून नाही म्हणावं आणि परत पूर्वीसारखे लोकांचे ब्लाउज शिवायला बसावं, असं माझं जवळजवळ ठरलं होतं. नाहीतरी माझ्या हाताला दम नाहीच.

फोन करण्याआधी मात्र एस.टी.त बसून कनेरगाव नाक्याला गेले. तुझी धाकटी बहीण अजून तिथेच आहे, ढाब्यांच्या मागच्या गल्लीत. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. दारातच म्हणाली, "काहून आलीस गं एकाएकी? तब्येत बराबर हाय ना?" मी चप्पलही न काढता विचारलं, "मावशी, आई लगद्यात काय घालायची?"

"मेथ्या."

"अजून?"

"माती."

"अजून?"

"अजून काय घालंल, केशर?"

मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि सगळं सांगितलं. घुमट, ग्रह, पुण्याचं मंडळ. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटी म्हटलं, "मावशी, माझीच का तडकते?"

"तुहीच काहून? तिची बी तडकायची."

मला वाटलं, म्हातारी काहीतरी भलतंच सांगते आहे. तिनं कांद्याची टोपली पुढं ओढली, कांदे खाली ओतले आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवली. तुझ्या हातची. बाहेरून निळी वेल काढलेली, कुठंही वळणारी, मध्येच फुटणारी, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दुसऱ्या बायका टोपलीला सरळ पट्टे काढायच्या, मोजून फुलं काढायच्या. मी लहानपणी तुला विचारलंही होतं की आपली नक्षी अशी वेडीवाकडी का, आणि तू म्हणाली होतीस, "वेल काय पट्टी लावून वाढती व्हय?" मला ते उत्तर इतकं आवडलं होतं की मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. मावशीनं माझं बोट धरलं आणि त्या वेलीवरून फिरवलं. वेलीखाली किंचित उंचवटा होता. वेल जाईल तिथं उंचवटा जात होता.

"लगदा आटतो, घागर आटते व्हय?" मावशी म्हणाली. "मंग तडकंल न्हाई तं काय करंल. मोठी तं एक बी धड न्हाई निंघाली तिची. चीर अजून उकलायची, जुनेराच्या पट्ट्या मेथीच्या पाण्यात भिजवून आत भरायची, वरून लगदा. वाळलं का वरून वेल. तुमी शाळंत गेल्यावर करून राहायची सगळं."

"आम्हाला कधी दिसलं नाही."

"दिसू दिलं तं दिसंल ना," मावशी म्हणाली आणि कांदे परत भरायला लागली.

आई, मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. दुपारभर एकटी बसून चिरा भरणारी तू डोळ्यांपुढं यायला हवी होतीस. आलीसही, पण फार नंतर. आधी मला नुसता आनंद झाला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होते, इतकी की शेजारच्या बाईनं आपली पिशवी जरा पलीकडे सरकवली. तू गेल्यापासून लोकांनी तुझं इतकं चांगलं सांगितलं, मीही सांगितलं, की तू माझ्यापासून लांब लांबच जात होतीस. त्या बसमध्ये तू परत जवळ आलीस. तुझ्याही हातचं तडकत होतं. मग माझ्या हाताचं काही वाकडं नव्हतं. माझ्या आईचाच तो हात होता.

दुसऱ्या दिवशी घुमटाची चीर मी ब्लेडनं आणखी उकलली. तुझं एक पातळ माझ्या ट्रंकेत आहे, त्याला हात लावला नाही, माझंच जुनं फाडलं. पट्ट्या भिजवून भरल्या, वरून लगदा, वाळल्यावर परत बारीक चीर, परत भरली. शेवटी घुमट घागरीवरून निघाला तेव्हा टिचकी मारून बघितलं, घट्ट आवाज आला. वेल काढायची सोय नव्हती, त्या ग्रहावर झाडंच उगवत नाहीत. म्हणून चिरा जिथून गेल्या होत्या तिथून सलाईनच्या नळ्या नेल्या. जमिनीतून निघून घुमटावर चढणाऱ्या, मध्येच फुटणाऱ्या, आतल्या माणसांना हवा पुरवणाऱ्या. रंगवल्यावर ते सगळं इतकं खरं वाटायला लागलं की तुझा जावई म्हणाला, "आत कोणी राहतं का बघ." मंडळातल्या पोरानं फोटो बघून विचारलं, नळ्यांचा रस्ता कसा ठरवला? मी म्हटलं, हवेची गरज जिथं, तिथं नळी. तो म्हणाला, बरोबर आहे.

टेबल न्यायला तुझी नात स्वतः आली. खोक्यात भरण्याआधी तिनं घुमट दोन्ही हातांनी उचलला, उजेडात फिरवून फिरवून बघितला. तिनंही होस्टेलवर स्टीलच्या डब्यावर एक करून बघितला होता, मला न सांगता. तो तडकला म्हणून फेकून दिला. "मम्मी," ती म्हणाली, "तुझं कसं गं कधीच तडकत नाही? माझ्या हाताला हे येणारच नाही." बोलताना तिचा अंगठा बरोबर एका नळीवर होता. जरा दाबला असता तरी खालचा उंचवटा लागला असता. मी सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "सवयीनं येतं गं." तिनं मान डोलावली, घुमट जुन्या गोधडीत गुंडाळला आणि खोक्यात असा ठेवला, जसं लेकरू पाळण्यात ठेवतात.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, पण घरातही उघडं ठेवणार नाही. पोरगी सुट्टीत आली की सगळे कागद उलटेपालटे करते. तिला सांगणार आहे मी, आज ना उद्या. तिनं माझ्यासारखं इतकी वर्षं आपल्या हाताला नावं ठेवत बसू नये, हे मला कळतं. तिचा फोन येतो तेव्हा दर वेळी ठरवते की आता सांगायचं, आणि मग जेवलीस का, एवढंच विचारून फोन ठेवते. खोटं कशाला बोलू तुझ्याशी. घुमट हातात धरून ती ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होती ना आई, ती नजर मला अजून थोडे दिवस हवी आहे.