आधी ‘जिना’ ऐक

४ फेब्रुवारी
सूनबाईनं आज चक्रमचं नाव काढलं — या घरात एकोणतीस वर्षांनी! तुमचे सासरे त्याच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचे म्हणे, असं तिला ऑफिसात कुणी सांगितलं. हो म्हटलं. मग सुरुवात कुठून करू, म्हणाली.

नवख्या माणसाला त्याचे पहिले दोन अल्बम देऊच नयेत. नुसता किंचाळतो. आधी ‘जिना’ ऐक म्हटलं. मग ‘ओला टॉवेल’, मग ‘सव्वाअकरा’. तिन्ही ठेक्याचे. पाय आधी हलतात, डोक्याला नंतर कळतं. त्यापुढचा मात्र नको.

५ फेब्रुवारी
‘जिना’चं रेकॉर्डिंग आठवून हसू येतंय. छापखान्यामागची खोली. हा पठ्ठ्या ड्रेसिंग गाउनमध्ये, दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट. माझा ठेका काही पटेना. मला तीन मजले वर-खाली पिटाळलं, स्वतः खाली कान लावून बसला. पार घामाघूम! “शेवटच्या मजल्यावर दमलास ना, तसं वाजव,” म्हणाला. वाजवलं. एका दमात झालं. तो किंचित रेंगाळणारा ठोका पुन्हा कुठे ऐकला नाही.

८ फेब्रुवारी
सूनबाई भांडी विसळताना ‘जिना’ लावते. आज हीसुद्धा मान डोलवत होती. कधी नव्हे ते.

११ फेब्रुवारी
पुढचा का नको, विचारलंच तिनं. सांगून टाकलं. रेकॉर्डिंगच्या सकाळीच हिला कळा सुरू झाल्या. मी निघालो, तर चक्रम दारात आडवा. “मूल तुझ्याशिवायही होईल, रेकॉर्ड होणार नाही.” काठ्या त्याच्या पायाशी फेकल्या नि दवाखाना गाठला. चिरंजीव दुपारी झाले. रेकॉर्ड महिनाभरात आली — म्हणजे झालीच की माझ्याशिवाय! माझ्या जागी कोण बसला, हे ऐकायची छाती आजवर झाली नाही.

१२ फेब्रुवारी
तिनं ऐकलाच. संध्याकाळी जवळ येऊन म्हणाली, “बाबा, यात ड्रम्सच नाहीत.”

दोघांनी मिळून पुन्हा ऐकला. खरंच नाहीत. बास गिटार मध्येच थांबते, वाट बघितल्यासारखी, मग पुढे सरकते. माझे हात मांडीवर चालू लागले. सगळे ठोके बसले.

१३ फेब्रुवारी
बासवाल्याकडून नंबर मिळवला. चक्रमनं आवाजावरून ओळखलं. एवढंच विचारलं — दुसरा ड्रमर का नाही घेतलास?

“घेतला असता तर परत आल्यावर तू कुठे बसला असतास?”