स्पीकरमधली घूं

१२ मार्च २०२५, आटपाडी

आजही तेच. सेट लावला की स्पीकरमधून घूंऽऽ! बासरीच्या आधी हीच सुरू. ॲम्प्लिफायरला हात लावला तर झिणझिण्या. कारखान्यातून रिटायर झाल्यावर एवढी एकच हौस केली — तीही धड ऐकू येईना. वैताग आलाय.

राजेश्वरी शिरवळला, अंकिताकडे. लेकीकडे जाते म्हणाली, पण गेली रुसूनच. मी आलाप ऐकत होतो, मागे तिचं भांडी घासणं चाललेलं. ओरडलो — "ती भांडी आपटायची थांबव आधी!" शेजारचा कृष्णात समोर बसला होता. चारचौघात बोललेलं बायकोला लागतंच. आता घर शांत, ऐकायला वेळच वेळ, आणि नेमकी तेव्हापासून ही घूं!

१५ मार्च

सांगलीला जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, "लाइन खराब असणार. पॉवर कंडिशनर बसवा." दोन दाखवले. एक पट्टीसारखा, हलका. दुसरा ट्रान्सफॉर्मरवाला — उचलून बघितला, कंबर धरली. हलका म्हणे झटके अडवतो, जड करंट स्वच्छ करून देतो. कोणता घ्यावा? डोकं भंजाळलं. हात हलवत परत आलो.

कृष्णात म्हणतो, "कंडिशनर? मंग गार हवा बी येत आसंल की!" हसायचंही त्राण नव्हतं.

१६ मार्च

खानावळीचा डबा आला. खाल्ला. झोपलो.

१९ मार्च

अंकिताचा फोन. "पप्पा, आईशी बोला की एकदा." म्हटलं, तिनं करावा. रुसवे काढायचं वय आहे का हे?

२२ मार्च

जडवाला आणला, ट्रायलवर. मी आणि कृष्णातनं धरून आत ठेवला. लावला — घूं! तश्शीच! दुकानदाराला फोन केला. "काका, अर्थिंगचा खड्डा वाळलाय का बघा. तो कोरडा असला तर कितीही भारी मशीन घ्या, उपयोग नाही."

खड्डा कुठाय, मलाच माहीत नाही. घर बांधताना मी कारखान्यात. सगळं तिनं बघितलेलं.

शेवटी केला तिला फोन. कशी आहेस विचारायच्या आधी तोंडातून खड्डाच निघाला.

"मागच्या मोरीपाशी हाय. भांड्याचं पाणी त्यातच जायचं. सेट बसवला तवा वायरमन म्हणला, खड्डा वल्ला ठिवा, न्हाईतर आवाज घुमंल. म्हणून तर आत सिंक आसून भायेर भांडी घाशीत हुते."

लाज वाटली. शेवटी एवढंच विचारलं — कधी येतेस?

"आता ठावं झालंय न्हवं? आवं, तुमीच घाला की पाणी." ठेवला.

२४ मार्च

बादल्या ओततोय. आमची जमीन, पाणी पडलं की गायब! घूं जराशी कमी. बासरी निम्मीच ऐकली. मन लागेना.

२६ मार्च

घूं गेली. साफ! कंडिशनर परत द्यायचाय.

सेट बंद करून पिठलं केलं. मागे मोरीवर बसून भांडी घासली. मुद्दाम आपटून बघितली. तिच्यासारखी वाजत नाहीत.