इंदूआतेचा राहून गेलेला कौल

प्रिय आते,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. घरापुढच्या खळ्यात उभं राहून हाक मारली की तू आतून "इलंय रे" म्हणत यायचीस, मग पत्र कशाला लागतंय? पण दिवाळीनंतर तू गेलीस, आणि आज सकाळी देवळात जे झालं ते सांगायला मला दुसरं कुणी सापडत नाही. म्हणून शेडमध्ये, एका होडीच्या उघडलेल्या इंजिनाशेजारी स्टूल ओढून बसलोय. मासेमारी बंद, होड्या सगळ्या वर ओढलेल्या, त्यामुळे माझ्याकडे दुरुस्तीला इंजिनांची रांग लागलीय. तरी आज कशाला हात लावावासा वाटत नाही.

तन्वीसाठी कौल लावायला गेलो होतो. आपली तन्वी बारावी झाली गो! आणि चांगली झाली. तिला मरीन इंजिनिअरिंगला जायचंय. म्हणजे मोठ्या बोटीवर, अगदी खाली इंजिनरूममध्ये काम. चेन्नईला प्रवेश मिळालाय, येणार की नाही ते याच आठवड्यात कळवायचंय. तिच्या आईचं, वैशालीचं, पहिल्या दिवसापासून एकच: "नाय म्हणजे नाय." मी हो म्हणालो तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि तुझा भाऊ, म्हणजे माझे वडील, आम्हा सगळ्यांचे भाऊ, ऐंशी ओलांडली तरी घरातला शेवटचा शब्द अजून त्यांचाच. आमची भांडणं ऐकून ऐकून ते म्हणाले, "देवाक विचारूया."

तन्वीला कौल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. गुरव देवाच्या अंगाला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, सवाल घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे माझं अ‍ॅडमिशन पाकळी ठरवणार?" कौल हा शब्द माझ्याच कानाला नको झाला होता. का, ते तुला ठाऊक आहे.

तू असतीस तर तन्वीला आधी खळ्यात बसवलं असतंस. निकाल आणि कोकमाचे रातांबे दोन्ही मे महिन्यातच यायचे ना! खळ्यात लालभडक रातांब्यांचा ढीग, त्याच्यासमोर तू, आणि पुढे काय करायचं ते ज्याला कळत नाही असा वाडीतला एकेक जण तुझ्या बाजूला. अर्धी वाडी तुझ्या अंगणवाडीतून गेलेली, त्यामुळे सगळ्यांवर तुझा हक्क. नुसतं बसायला तू कुणाला दिलं नाहीस. "हातात रातांबो घे, मगे बोल." बिया एका भांड्यात, सालं सुपात. सल्ल्याच्या निमित्ताने तुझ्या आमसुलांचं काम फुकटात होतंय, असा आम्हा पोरांना दाट संशय होता. पण खरं सांगू? मान खाली आणि हात कामात असले की बापासमोर तोंडातून न निघणारं सुद्धा आपसूक निघायचं. घरी गेल्यावर लाल बोटं बघून प्रत्येकाची आई ओळखायची, हा इंदूकडे बसून आलाय.

सायमन आठवतो? माझा शाळेतला दोस्त, मामा लोक सगळे गोव्यात. मामाने त्याला बोटीवर किचनमध्ये चिकटवायचं ठरवलं आणि हा पठ्ठ्या घाबरून तुझ्याकडे आला.

"पोहूक येता तुका?" तू विचारलंस.

"नाय गो आते."

"मगे बोटीर कित्याक जातंस?"

"भर दर्यात बोट बुडली तर पोहून मी खंय पोचतलंय? मालवणाक?"

तू इतकी हसलीस की बियांचं भांडं लवंडलं. मग एकदम गंभीर होऊन विचारलंस, "कांदो कापताना कंटाळो येता?" तो नाही म्हणाला. "मगे जा." झालं! एवढ्यावर त्याचं आयुष्य मार्गी लावलंस तू. आज तो प्रवासी बोटीवर मोठा आचारी आहे. आणि तन्वीच्या डोक्यात हे बोटीचं वेड घातलं तेही त्यानेच. नाताळात सुट्टीवर आला तेव्हा इंजिनरूमचे व्हिडिओ दाखवत बसला. वैशालीने त्याला चहा विचारणं बंद केलंय. म्हणजे मुळात दोष कुणाचा? तुझाच की!

माझं तर तुला सगळंच माहीत. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडून आलो, तेव्हा भाऊंनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. जेवायला बसले की भिंतीकडे बघायचे. आई पदराने डोळे पुसायची. तूसुद्धा एक अक्षर विचारलं नाहीस, नुसती रोज रातांब्यांची पाटी माझ्यापुढे आणून ठेवायचीस. शेवटी मीच वैतागलो.

"आते, तू पण माझ्याशी बोलूची नाय काय?"

"मी कित्याक बोलू? तुझा तू बोल. सकाळी उठल्यार तुझे पाय खंय जातत?"

"बंदरार."

"थंय काय करतंस?"

"होड्यांची इंजिना बघतंय. उघडून ठेवलेली."

"मगे तांच शीक. पण ह्या पण अर्धवट सोडलंस तर घराक येव नको. माझ्यासमोर तर अजिबातच येव नको!"

किती सोपं करून टाकलंस गो! मी महिनाभर ज्याच्यापायी झोपत नव्हतो ते तू दोन रातांबे फुटेपर्यंत सोडवलंस.

त्या वेळीही भाऊ म्हणाले होते, पोराचं काय करायचं ते देवाला विचारू. मी तुला येऊन सांगितलं आणि तुझे हात थांबले. तुझे हात थांबलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तुला नर्स व्हायचं होतं. मला तोवर पत्ताच नव्हता! मॅट्रिक झालीस तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी कोल्हापूरला ट्रेनिंगला जा म्हणून सांगितलेलं. जायची ट्रंक आणून ठेवलेली. आजोबा नव्हते, म्हणून ठरवायचं भाऊंनी, आणि भाऊ तरी केवढे, विशीतले. त्यात आजी त्याच साली अंथरुणाला खिळली. भाऊ घाबरले आणि देवळात गेले. सवाल घातला, "ह्या वर्साक भयणीक धाडू काय?" डावी पाकळी पडली.

"देवान सांगल्यान, ह्या वर्साक नको," तू म्हणालीस. "बरोबरच सांगल्यान, आये आजारी होती. पण फुडल्या वर्साक आये बरी झाली. तेव्हा परत विचारूक कोण गेलोच नाय. एकदा डावो पडलो म्हणजे कायमचो डावो, असा सगळ्यांनी धरून टाकल्यांनी."

हे तू इतक्या साध्या आवाजात सांगितलंस, जसं काही दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगत होतीस. मग पुन्हा रातांबा उचललास आणि म्हणालीस, "भावाक सांग, कौल लावचो तर लाव. पण सवाल काय घालतलंस तां आधी माका सांग."

मी हा निरोप तसाच भाऊंना दिला. त्यांनी कौलाचं नाव पुन्हा काढलं नाही. मला आपलं वाटलं, सुटलो! भाऊंच्या चेहऱ्याकडे बघायचं भान त्या वयात कुठलं असायला?

पण आते, एक विचारू? तू स्वतः का नाही गेलीस पुढच्या वर्षी? देऊळ काय लांब होतं? एकदा तरी भाऊंशी कडकडून भांडायचंस! वाडीतल्या सगळ्या पोरांना वाटेला लावलंस आणि स्वतःच्या ट्रंकेत तांदूळ भरून ठेवलेस. एका घरात जन्म काढलात दोघांनी, त्यांच्या पथ्याची पेज तू करायचीस, तुझी औषधं ते आणायचे, आणि या एका गोष्टीवर दोघांची तोंडं बंद. मला तुझा राग येतो कधीकधी. हो, येतो! गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुझ्यावर नाही तर कुणावर रागवू?

तर आज सकाळी आम्ही चौघं निघालो. तन्वी फुरंगटलेली, वैशाली हातात नारळ घेऊन सगळ्यांच्या पुढे, आणि मी भाऊंना धरून सावकाश. तुझं बोलणं डोक्यात घोळत होतं. पायऱ्यांपाशी मी धीर करून विचारलंच.

"भाऊ, सवाल काय घालतलास?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो प्रश्न मूळचा कुणाचा, हे त्यांना लगेच कळलं. माझा हात सोडवून ते स्वतःच आत गेले.

आताचा गुरव म्हणजे जुन्या गुरवाचा नातू. त्याने पाकळ्या लावल्या, हात पुसले, म्हणाला, "बोला भाऊ, काय विचारूचा?"

वैशालीने डोळे मिटून हात जोडलेले, ती काय मागत होती ते सांगायला नको. तन्वीने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की नखं रुतत होती. आणि मला एकच धास्ती, की आता भाऊ तोच जुना सवाल घालणार, ह्या वर्साक धाडू काय, आणि डावी पडली की माझ्या पोरीचंही तसंच होणार. मी तोंड उघडणार, एवढ्यात भाऊच बोलले.

"माझ्या भयणीचो कौल रवलो आसा."

गुरवाला काही उमगेना. "खंयच्या भयणीचो?"

"इंदूचो. फुडल्या वर्साक परत विचारूक येवचा होता. मी इलंय नाय."

मग देवाकडे बघत, जसे काही आम्ही तिथे नव्हतोच, म्हणाले, "विसारलंय नाय मी. माका भय वाटला. परत विचारला आणि उजवो पडलो तर ती जातली. मगे आयेक कोण बघतला, घर कोण बघतला? म्हणान इलंय नाय."

आते, तुला हे ठाऊक होतं का? मी कायम समजत आलो की भाऊ विसरले, किंवा त्यांना वाटलं देवाने सांगितलं ते सांगितलं. ते विसरले नव्हते गो. तू जाशील म्हणून ते घाबरले होते. साठेक वर्षं तो माणूस हे पोटात घेऊन तुझ्यासमोर जेवत होता! आणि तुला हे माहीत असेल तर तू कसली माणूस होतीस? माहीत नसेल, तर आता कळलं ना?

गुरवाने पाकळीला हात लावला तशी भाऊ म्हणाले, "काढ त्यो पाकळ्यो. ह्या चेडवाचा काय विचारूचा नाय. तां जातला. तू गाऱ्हाणा घाल."

कौल नको, गाऱ्हाणं! म्हणजे जाऊ का म्हणून विचारायचं नाही, पोरगी जातेय, सांभाळ म्हणून सांगायचं. मी वैशालीकडे बघितलं. ती रडत होती, पण तिने भाऊंना अडवलं नाही. उलट त्यांचा तोल जातोय असं वाटून पुढे होऊन तिनेच त्यांना धरलं.

"चेडवाचा नाव?" गुरवाने विचारलं.

"तन्वी," भाऊ म्हणाले. "आणि इंदू."

"पण भाऊ, इंदूआते तर..." पोरगा अडखळला.

"तिका पण जावचा आसा. दोघांचा एकदम घाल."

आणि घातलं गो त्याने! खणखणीत आवाजात, देऊळ भरून जाईल असं. "बा देवा म्हाराजा! ही तुझी दोन चेडवां, तन्वी आणि इंदू, आज घराभायर पडतत. वाटेर तेंचो सांभाळ कर, जी विद्या शिकूक जातत ती तेंका पुरी करून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला द्यायचा हा होकार मी भाऊंच्याही वाटणीचा ओरडलो.

आते, आता माझं एक ऐक. वाडीतली पोरं आताशा माझ्या शेडमध्ये येऊन बसतात, कुणाला हे शिकायचं असतं, कुणाला ते सोडायचं असतं. तुझ्यासारखं मला जमत नाही, मी लगेच चिडतो, पण मी ऐकून घेईन. आणि त्यांतल्या कुणालाही घरातून, देवळातून, कॉलेजातून "यंदा नको" असं उत्तर मिळालं, तर पुढच्या वर्षी त्याचा हात धरून मी स्वतः परत विचारायला जाईन. उत्तर हो येईल अशी भीती वाटली तरी जाईन. हे तुला वचन.

तुझो,
संजू